उष्टी हवा, गार करून

नवं ऑफिस थाटताय? अभिनंदन. वास्तुशांत उरकली असेल तर आता वायुशांतही करून टाका.

काच भरपूर लावा, पण बिजागरी नको. उघडणारी खिडकी दिसली की स्टाफला श्वास घ्यायची खोड लागते. बाहेर धूळ आहे, हॉर्न आहेत, मेट्रोचं खोदकाम आहे, हे कारण तयार ठेवा. खोटंही नाही ते. बाहेरची हवा फिल्टरने गाळून आत घेता येते, असं एसीवाला सांगू लागला तर त्याला चहा पाजा आणि स्प्लिट एसी किती बसतील तेवढंच विचारा. स्प्लिट एसीची थोरवी अशी की तो बाहेरून नवी हवा आणतच नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो, परत खोलीतच सोडतो. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातून पाणी न पिणारी सोवळी माणसं मग दिवसभर एकमेकांची उष्टी हवा खात बसतात. तीही गारेगार.

सेंट्रल एसी असेल तर 'फ्रेश एअर डँपर' नावाची झडप शोधा आणि बंद करा. बाहेरची दमट हवा गार करायला वीज लागते. विजेचं बिल तुमच्या नावावर येतं, डोकेदुखीच्या गोळीचं स्टाफच्या. ही अक्कल तुमच्या एकट्याची नाही. 1973च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतही इमारती अशाच हवाबंद झाल्या. सिगारेट ओढत नसतील तर माणशी मिनिटाला 5 घनफूट बाहेरची हवा पुरे, असं मानक 1981मध्ये निघालं. लोकांचे डोळे चुरचुरायचे, घसा कोरडा पडायचा, डोकं ठणकायचं आणि घरी गेलं की सगळं बरं! याला नाव पडलं 'सिक बिल्डिंग सिंड्रोम'. 1989मध्ये ऑफिसांसाठी तो आकडा 20वर नेला. नेभळट लेकाचे. इमारत आजारी पडली तरी सिक लीव्ह माणसाच्याच खात्यातून जाते, मग घाबरायचं कशाला?

कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मात्र दाराच्या आत येऊ देऊ नका. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. 1000च्या वर गेला की खोली कोंदट समजा, असं म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी 1858मध्येच सांगून ठेवलंय. पण त्यांना कधी तिमाही आढाव्याला बसावं लागलं नव्हतं. आमच्याकडे एका आगाऊ पोराने ते यंत्र कॉन्फरन्स रूममध्ये आणलं. बारा माणसं, दार बंद. तासाभरात आकडा 1900. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय. आणि जांभया? त्या डब्यातल्या भाताने येतात.

भात बंद झाला, जांभया चालूच. मग त्याच खोलीत योगवर्ग ठेवला. बाई आल्या, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "आता सगळ्यांनी एक दीर्घ श्वास घ्या."

मागून कुणीतरी विचारलं, "कुणाचा?"