उलटी होतेय म्हणजे बँड काम करतोय? : कराडच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

बँडच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या त्रासांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या धाकट्या बहिणीने सहा वर्षांपूर्वी पुण्यात वजन कमी करण्यासाठी पोटात बँड बसवून घेतला. अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा तिला उलटी होते. तुमचं म्हणणं असं, की जास्त खाल्लं की उलटी होणारच, बँड त्यासाठीच असतो, मी उगाच बाऊ करून लोकांना घाबरवते. ज्यांचा तोंडावर ताबा नाही त्यांनी बँडला नावं ठेवू नयेत. आणि फॉलोअप, म्हणजे ऑपरेशननंतरची वेळोवेळची तपासणी, हा डॉक्टरांचा पैसे काढायचा धंदा, असंही तुम्ही लिहिलंत.

फॉलोअपच्या खर्चाबद्दलचा तुमचा राग मला समजतो, त्याकडे येतेच. पण आधी उलटीचं बोलू, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून मला तुमच्या बहिणीची काळजी लागली आहे.

बँड हा सिलिकॉनचा पट्टा. जठराच्या अगदी वरच्या टोकाभोवती तो बसवतात. त्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो, त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीला, म्हणजे पोर्टला, जोडलेली असते. पोर्टमधून सुईने सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, भरलं की बँड आवळतो, काढलं की सैल होतो. पट्ट्याच्या वर जी छोटी पिशवी तयार होते तिच्यात जेमतेम १५ ते ३० मिली मावतं. नीट चावलेला घास तिथे येतो, अन्ननलिका त्याला दोन-चार दमांत खाली ढकलते, आणि त्या दाबामुळेच थोडक्यात पोट भरल्याची जाणीव होते. म्हणजे घास खाली उतरला तरच बँडचं काम झालं. उलटीतून बाहेर आलेला घास उतरलेलाच नसतो. मग एक तर तो घाईत, न चावता गिळला गेला, नाही तर बँड जास्त आवळला आहे, नाही तर वरची पिशवी फुगली आहे, नाही तर बँड जागेवरून सरकला आहे. पहिलं कारण घरात सुधारता येतं. बाकीची तीन बाहेरून बघून कुणालाच कळत नाहीत, त्यासाठी बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं द्रव, पिऊन एक्स-रे काढावा लागतो. आणि सतत ओकाऱ्या काढल्यामुळे बँड सरकायला आणखी मदत होते. म्हणून ज्या उलटीला तुम्ही बँडची पावती समजता, तीच सहा वर्षांनी आठवड्यातून दोनदा होत असेल तर मला ती धोक्याची वाटते.

माझाही बँड आहे, हे नेहमीचे वाचक जाणतात. एका हिवाळ्यात मला रात्रीचा खोकला सुरू झाला. दिवसा काही नाही, आडवं पडलं की ठसका. साताऱ्याची थंडी म्हणून घरच्यांनी काढा दिला, दवाखान्यातून खोकल्याचं औषध मिळालं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर आंबट वासाचा पिवळट डाग असायचा. बेरियमच्या एक्स-रेत दिसलं की बँडच्या वर पाणी साचून राहतंय आणि झोपेत तेच घशाशी येतंय. बँडमधलं थोडं सलाइन काढलं आणि काही दिवसांत खोकला गेला. हे असंच चालू राहिलं असतं तर ते पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकला असता. म्हणून तुमच्या बहिणीला एवढंच विचारा, रात्री खोकला येतो का? उशीवर डाग पडतो का? ती रोज सकाळी रिकाम्या पोटी ॲसिडिटीची गोळी घेते का? मेडिकलमधून ती गोळी वर्षानुवर्षं आणणारे बँडवाले मी पाहिले आहेत. गोळीने जळजळ थांबते, सरकलेला बँड जागेवर येत नाही.

आणखी एक विचारा, ती नेमकं काय खाऊ शकते? भाकरी उतरत नाही, मटण तर नाहीच, भाताचाही लगदा होऊन अडकतो, पण चहात बुडवलेलं बिस्किट जातं, आइस्क्रीम जातं, आपला कंदी पेढा तर तोंडातच विरघळतो, असं असेल तर बँड जास्त घट्ट झालाय. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. बँड जितका आवळावा तितकं वजन उतरेल असा समज आहे. प्रत्यक्षात अती आवळलेल्या बँडमुळे माणूस मऊ आणि गोडाकडे वळतो, कारण तेवढंच पोटात जातं, आणि मग उलट्या होत असतानाही वजन वाढतं. असं झालं की घरचे म्हणतात, बघा, चोरून खाते.

आता तुमचं तोंडावर ताबा नसल्याचं वाक्य. दादा, हे मला मनापासून लागलं, आणि रागावून नाही तर कळकळीने सांगते. आपल्याकडच्या घरात बाई शेवटी जेवते. सगळ्यांची ताटं वाढून, गरम भाकऱ्या थापून, मुलांचं आवरून, ओट्याशी उभ्या उभ्याच चार घास पोटात ढकलते, कारण पुढची कामं खोळंबलेली असतात. बँड असलेल्या माणसाला मात्र शांत बसून, नखाएवढा घास घेऊन, वीस-पंचवीस मिनिटं जेवावं लागतं. जेवताना पाणी नाही, नंतरही काही वेळ नाही. हा वेळ तिला तुमच्या घरात मिळतो का? संकष्टीचा दिवसभराचा उपवास धरून रात्री चंद्रोदयानंतर मोदक आणि साबुदाण्याची खिचडी समोर आली, तर बँडवर एवढा ताण येतो की अडकणारच. लग्नाच्या पंगतीत आग्रह होतो, नाही म्हटलं तर यजमान रुसतात. मग ती उठते, मोरीत जाते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडते. उलटी झाल्यावर तोंड धुऊन, हसून परत येते. हे करणाऱ्या बायका मला अनेक भेटल्या आहेत. त्यातल्या एकीचंही तोंड सुटलेलं नव्हतं.

आणि बँड सरकणं हा रुग्णाचा दोषच असता, तर पुढची गोष्ट घडली नसती. सुरुवातीच्या काळात सर्जन बँड जठराला अगदी लागून फिरवत. नंतर त्यांनी वाट बदलली, जठर आणि यकृत यांच्यामधल्या पातळ पडद्यातून तो नेऊ लागले, आणि सरकण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. खाणारी माणसं तीच होती, बँड बसवण्याची रीत बदलली होती. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतल्या २५,०४२ बँडवाल्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साडेअठरा टक्के लोकांना बँडसाठी पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं. एवढ्या सगळ्यांना खादाड ठरवणं मला पटत नाही. पोटात बसवलेल्या वस्तूला दुरुस्ती लागते, हे बसवतानाच गृहीत धरायला हवं.

मग फॉलोअपचा मुद्दा. तुम्ही म्हणता दर वेळी पुण्याला जायचं, गाडीचं भाडं, टोल, एक दिवसाची रजा, आणि तिथे पाच मिनिटांत सुई टोचून परत पाठवतात. ते खरं आहे. ऑपरेशनच्या आधी पॅकेज सांगताना पुढच्या वर्षांचा खर्च कुणी सांगत नाही, ही चूक रुग्णालयांची आहे आणि तुम्ही त्यावर बोललात ते बरं केलंत. पण त्या पाच मिनिटांत काय होतं तेही बघा. टेबलावर उताणं झोपवतात, मान जरा उचलायला सांगतात म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात, आणि डॉक्टर बोटांनी चाचपून त्वचेखालचं पोर्ट शोधतात. वजन उतरलं की ते हाताला लगेच लागतं, कधी ते उलटं फिरलेलं असतं आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघूनच सापडतं. मग ह्युबर नावाची खास सुई घालतात. साधी सुई पोर्टच्या पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते आणि तिथून सलाइन झिरपत राहतं, ही सुई तसं करत नाही. अख्ख्या बँडमध्ये मावतं ते प्रकारानुसार साधारण ४ ते १४ मिली, त्यामुळे अर्ध्या मिलीच्या फरकाने भाकरी उतरते किंवा पाणीही अडतं. शेवटी उठून बसायला सांगतात, ग्लासभर पाणी हळूहळू प्यायला लावतात, ते आरामात खाली गेलं की मगच घरी सोडतात. तुमच्या बहिणीला ते पाणी पाजलं होतं का, हे तिला विचारा. पाणी न पाजता कुणी घाईघाईने खंबाटकी घाटाकडे पाठवत असेल तर तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाने २००४ साली असं दाखवलं, की पहिल्या वर्षात सहापेक्षा जास्त वेळा तपासणीला आलेल्या बँडवाल्यांचं वजन कमी वेळा आलेल्यांपेक्षा जास्त उतरलं. बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन, केलेल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. कारण बायपासमध्ये एकदा शिवलं की शिवलं, बँड मात्र वेळोवेळी जुळवून घ्यावाच लागतो.

अडचण अशी, की आता बँड फारसे बसवले जात नाहीत. बेल्जियममध्ये १९९३ साली दुर्बिणीतून पहिला असा बँड बसला, अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली, पुढे काही वर्षं त्याचा बोलबाला झाला, आणि मग स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायच्या, ऑपरेशनने त्याची जागा घेतली. त्यामुळे साताऱ्यात किंवा कराडमध्ये रात्री अपरात्री त्रास झाला तर समोरच्या डॉक्टरांनी बँड कधी हाताळलेलाच नसण्याची शक्यता मोठी. म्हणून मी पर्समध्ये एक कागद ठेवते : बँडचा प्रकार आणि मापं, ऑपरेशनची तारीख, सध्या आत किती मिली आहे, पोर्ट कुठे आहे, सर्जनचा फोन. तुमच्या बहिणीची फाइल हरवली असेल तर रुग्णालयाकडे ऑपरेशन नोटची प्रत मागा, ती मागायचा तिला हक्क आहे.

सगळ्यात जास्त भीती मला बँडमधल्या नाही, तर शिरेतून चढवायच्या सलाइनची वाटते, हे नीट ऐका. आपल्याकडे उलट्या होऊन अशक्तपणा आला की पहिली धाव ‘एक बाटली चढवून घे’ अशी असते. उलट्या दोन-तीन आठवडे चालू राहिल्या तर शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत येतो. अशा वेळी थायमिन न देता थेट ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं दिसली की एक तासही थांबू नये. ‘हिचा गॅस्ट्रिक बँड आहे, उलट्या होतायत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या’, हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

आणि पोटात एकाएकी जोराची कळ आली, पाण्याचा घोटही उतरेना, स्वतःची लाळही परत येऊ लागली, तर तो घरी थांबण्याचा प्रसंग नाही. सरकलेल्या बँडमध्ये जठराचा भाग अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्याच दिवशी बँडमधलं सगळं सलाइन काढून घ्यावं लागतं. ऑपरेशनला कितीतरी महिने किंवा वर्षं होऊन गेल्यावर पोर्टची जागा लाल झाली, तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागवू नये. बँड जठराची भिंत पोखरून आत शिरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि ते एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून बघितल्यावरच कळतं. कंबरदुखीच्या साध्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, त्या जठराच्या अस्तराला झोंबतात.

बँड काढून टाकायची वेळ आली तर तेही होऊ शकतं. काढल्यावर वजन परत वाढायचा धोका असतो, म्हणून बऱ्याचदा काही काळाने स्लीव्ह किंवा बायपास सुचवतात. तो निर्णय तुमच्या बहिणीचा आणि तिच्या डॉक्टरांचा. मी कुणाला बँड बसवा असंही सांगत नाही आणि काढा असंही नाही.

तुमच्याकडून मात्र एक हवं आहे. तिला या आठवड्यातच दाखवायला घेऊन जा. तुम्ही बरोबर जा, गाडी चालवा, बिल भरा, पण डॉक्टरांनी ‘काय त्रास होतो?’ विचारलं की उत्तर तिलाच देऊ दे. भावासमोर उलटीचं बोलायला तिला संकोच वाटत असेल तर थोडा वेळ बाहेर बसा. आणि नंबर लावताना फोनवरच विचारून घ्या, बेरियम एक्स-रेची सोय त्याच दिवशी आहे का आणि ह्युबर सुई आहे का, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं होतील.