शिरोळच्या क्षारपड रानात लिथियमची खाण नाही

शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : क्षारपड रानातल्या पांढऱ्या थरात लिथियम आहे, चिलीसारखे खड्डे काढून पाणी आटवा, बॅटरीवाल्या कंपन्या विकत घेतील. हे खरं नाही. यापायी कुणी रानात जेसीबी घालू नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या रानावर फुलतात ते प्रामुख्याने सोडियमचे क्षार. उसाला पाणी जादा झालं, निचरा झाला नाही, भूजल वर आलं. पाणी उडून गेलं, क्षार राहिले.

चिलीतल्या अटाकामा या वाळवंटी खाऱ्या मैदानाची गोष्ट निराळी. भोवती ज्वालामुखीचे डोंगर, पाण्याला बाहेर वाट नाही, पाऊस नावापुरता. हजारो वर्षं आटत आटत तिथल्या जमिनीखालच्या खाऱ्या द्रवात लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास लिथियम साठलंय. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम असतं. तो द्रव उपसून उथळ तळ्यांत वर्ष-दीड वर्ष उन्हात ठेवतात. आधी साधं मीठ खाली बसतं, मग पोटॅशचे क्षार. मॅग्नेशियम वगैरे काढल्यावर शेवटी सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून लिथियम कार्बोनेट मिळवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही तळी आटायची कधी?

खड्ड्यातलं खारं पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरेल, ही मला खरी काळजी आहे. त्यापेक्षा माती-पाणी तपासून घ्या, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढा, रान चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेलं असेल तर जिप्सम द्या. याच तालुक्यात अशा निचऱ्यावर पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिलाय.