लायपेज नॉर्मल आलं म्हणजे स्वादुपिंड ठीक? नाही!

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मूल खातं पण अंगी लागत नाही? रक्तातलं अमायलेज-लायपेज तपासा. नॉर्मल आलं तर स्वादुपिंड उत्तम. शी पाण्यावर तरंगली तर चरबी पचत नाही. पाचक सिरप सुरू करा.' माझ्या बहिणीच्या मुलाचे आठ महिने याच सल्ल्यात गेले, म्हणून लिहितेय.

आधी रक्ताचं. अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम्स. स्वादुपिंडाला सूज आली की ती रक्तात झिरपतात आणि आकडा चढतो. म्हणजे ही सुजेची तपासणी. आतड्यात पाचक रस पुरेसा उतरतोय का, हे त्यातून कळत नाही. आमच्या बाळाचा रिपोर्ट नॉर्मल होता आणि लंगोटावर न पचलेल्या चरबीचा तेलकट पिवळा डाग पडत होता, साबणानेही न निघणारा.

त्यासाठी तपासायची ती शी. फीकल इलास्टेज नावाच्या चाचणीला थोडासा नमुना पुरतो. स्वादुपिंडातून आलेलं इलास्टेज हे एन्झाइम आतड्यातून जाताना फारसं मोडत नाही, म्हणून ते शीमध्ये मोजता येतं. एका ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सहसा काळजी नाही. 100 च्या खाली गेलं तर रस फारच कमी पडतोय. पण जुलाब चालू असताना नमुना देऊ नका! पाणचट शीमुळे आकडा उगाच खाली दिसतो. अगदी नवजात, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्येही तो कमी येऊ शकतो.

तरंगणाऱ्या शीचं कोडं 1972 मध्येच सुटलंय. लेविट आणि ड्यूएन या अमेरिकन संशोधकांनी तरंगणाऱ्या शीवर दाब देऊन आतला वायू आकसवला, तेव्हा ती बुडाली. तरंगवणारा वायू होता, चरबी नव्हे.

आणि सिरप? बाटलीचं लेबल वाचा. बहुतेकांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असतं. एक पिष्ट फोडतं, दुसरं प्रथिनं. चरबी पचवणारं लायपेज त्यात नसतंच.

इलास्टेज कमी आलं तर कारण शोधावं लागतं. लहान मुलांत मोठं कारण सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे शरीरातले स्राव घट्ट आणि घाम जास्त खारट करणारा जन्मजात आजार. त्यासाठी घामातलं क्लोराइड मोजतात, लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त आलं तर निदानाकडे बोट जातं. आमच्या बाळाचं तेच निघालं. 'याचा पापा घेतला की खारट लागतं गं,' असं आजी पहिल्या महिन्यापासून सांगत होती. आम्ही तिचं ऐकलं नाही, मेसेजचं ऐकलं.