निम्मे मारले तरी भरून येतात? नाही येत

'निसर्गाची काळजी सोडा, तो स्वतःच सावरतो' असा एक लांबलचक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. भाचीने त्यातले मुद्दे शाळेच्या प्रकल्पवहीत जसेच्या तसे उतरवून घेतलेत, म्हणून हे उत्तर. संदेशातले दावे चार आहेत. एक, तोडलेलं जंगल २० वर्षांत जवळपास ८० टक्के परत येतं, असं शास्त्रज्ञच सांगतात. दोन, निम्मे प्राणी मारले तरी उरलेले जोमाने वाढून तूट भरून काढतात, त्यामुळे शिकार-मासेमारीवरची बंधनं निरर्थक. तीन, आजवरच्या ९९ टक्के प्रजाती नामशेष झाल्याच आहेत, मग आत्ताच ओरड कशाला? चार, एक प्रजाती गेली तरी बाहेरून दुसरी येते, बेरीज तेवढीच राहते.

दुसरा दावा आधी घेतो, कारण तो सर्वांत घातक आहे. त्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करून टाकतो: अधिवासाच्या धारणक्षमतेच्या, म्हणजे तिथे जास्तीत जास्त जितके प्राणी जगू शकतात त्या संख्येच्या, निम्म्यावर संख्या असते तेव्हा वर्षाकाठी होणारी भर सर्वाधिक असते. पण सर्वाधिक म्हणजे किती, हे संदेशात कुठेच नाही. समजा धारणक्षमता १०,००० आहे आणि जागा, अन्न मुबलक असताना वाढीचा दर वर्षाला २० टक्के आहे. साध्या वाढसूत्राने (दर × संख्या × धारणक्षमतेतला रिकामा हिस्सा) ५,००० वर असताना भर पडते ०.२ × ५,००० × ०.५, म्हणजे ५०० ची. दरवर्षी ठरावीक ६०० मारले, तर संख्या कोणत्याच पातळीवर तग धरू शकत नाही.

आणि ती कोसळते कशी ते बघा. ६,००० वरून ४,००० वर यायला सुमारे १९ वर्षं लागतात. या काळात 'सगळं स्थिर आहे' असंच वाटतं, कारण वर्षाची घट जेमतेम शे-सव्वाशे असते. नंतर पिल्लं देणारेच कमी उरल्याने भर आटते, मारण्याचा आकडा मात्र तोच राहतो, आणि शेवटचे २,००० पाचेक वर्षांत संपतात. हत्तीसारख्या प्राण्याला तर हे मुळीच झेपत नाही: २२ महिन्यांचं गर्भारपण, एका वेळी एक पिल्लू, दोन पिल्लांत काही वर्षांचं अंतर. वाढीचा दर ५ टक्के धरला, तर त्याच १०,००० च्या हिशेबात जास्तीत जास्त भर वर्षाला १२५.

कागदावरचं गणित नको असेल तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा घ्या. १९६८ साली पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली होती. जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, तेव्हा साठा पूर्वीच्या एखाद-दुसऱ्या टक्क्यावर आला होता. आधी कोणाला कळलं कसं नाही? उरलेले कॉड दाट थव्यांनी एकवटत होते. बोटी नेमक्या तिथेच जाळी टाकत होत्या, त्यामुळे फेरीमागची पकड फारशी घटली नाही आणि तिच्यावरून काढलेला साठ्याचा अंदाज फुगलेला राहिला. शिवाय जाळ्यात आधी मोठे मासे जातात, आणि सर्वाधिक अंडी मोठ्या माद्याच घालतात. बंदी उठली २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी. तीही त्या वर्षी १८,००० टनांच्या मर्यादेवर. 'आपोआप भरून येतं' ते हे.

संख्या फारच घटली की अली परिणाम सुरू होतो: जोडीदार सापडत नाहीत, कळपाचं संरक्षण राहत नाही, आणि जागा-अन्न भरपूर असूनही वाढ मंदावते किंवा उलटी फिरते. उत्तर अमेरिकेतले प्रवासी कबुतर ३ ते ५ अब्ज होते असा अंदाज आहे. ते प्रचंड वसाहतींत घरटी करत. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

हंपबॅक देवमासे सावरले, हे खरं. नैर्ऋत्य अटलांटिकमधले ४५० च्या आसपास उरले होते, ते २५,००० च्या घरात गेले. पण ते मारणं थांबवल्यामुळे! म्हणजे संदेश ज्या बंधनांना निरर्थक म्हणतो, त्याच बंधनांमुळे.

आता जंगल. '८० टक्के' हा आकडा बहुधा 'सायन्स' नियतकालिकातल्या २०२१ च्या शोधनिबंधातून उचललाय. लॉरेन्स पोर्टर आणि सहकाऱ्यांनी उष्णकटिबंधातल्या ७७ ठिकाणच्या जंगलांचं अनुक्रमण, म्हणजे मोकळ्या जमिनीवर टप्प्याटप्प्याने जंगल परत येणं, तपासलं. २० वर्षांत जंगलाचे निरनिराळे गुणधर्म जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोचतात, असं त्यात खरोखरच आहे. मात्र त्याच सारांशात पुढे आहे की ही सरासरी ३३ ते १०० टक्क्यांमधली आहे आणि जमिनीचा वापर सौम्य होता तिथली आहे. जुन्या जंगलाच्या ९० टक्के पातळीला माती दहा वर्षांच्या आत येते, जंगलाची रचना आणि प्रजातींची संख्या २५ ते ६० वर्षांत. कोणत्या प्रजाती किती प्रमाणात, ही घडण आणि एकूण जैवभार (झाडा-झुडपांचं एकूण वजन) यांना १२० वर्षांहून अधिक लागतात. झाडांच्या जातींची मोजदाद जुळली म्हणजे तेच जंगल परत आलं, असं होत नाही. आधी येतात ती हलक्या बियांची, उन्हात झपाट्याने वाढणारी झाडं. मोठ्या बियांची, सावलीत रुजणारी झाडं यायला जवळ जुनं जंगल हवं आणि बिया वाहून आणणारे मोठे पक्षी-प्राणी हवेत. वरची माती वाहून गेली, खोडं-मुळं उपटून काढली किंवा दर दोन-तीन वर्षांनी वणवा लागला, तर गवताचं रान तसंच वर्षानुवर्षं अडकून पडतं. असं काही झालेलं नसेल, तर चराई आणि आग रोखून जमीन मोकळी सोडणं रोपं लावण्यापेक्षा स्वस्त आणि बरेचदा चांगलं, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या दाव्यात वेगाचा विचारच नाही. २०१५ च्या एका अभ्यासाने नैसर्गिक नामशेषाचा दर मुद्दाम चढा धरला. त्या दराने १९०० पासून पृष्ठवंशीयांच्या ९ प्रजाती जायला हव्या होत्या. 'बहुधा नामशेष' धरून गेल्या ४७७. मागच्या महाविनाशांनंतर विविधता सावरायला लाखो वर्षं लागली, तेवढा वेळ आपल्या हिशेबात कुठे बसतो?

आणि चौथा. बाहेरून प्रजाती येतात, काही बेटांवर वनस्पतींची यादी त्यामुळे लांबलीही आहे. पण पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मालासोबत तपकिरी वृक्षसर्प आला, त्याने १२ पैकी १० स्थानिक वनपक्षी संपवले. बेरजेत एक साप वाढला, दहा पक्षी गेले. फळं खाऊन बिया पसरवणारं आता जवळपास कोणी उरलं नाही, बऱ्याच बिया आईझाडाखालीच पडतात, आणि झाड पडून मोकळ्या झालेल्या जागा पूर्वीसारख्या भरत नाहीत. तिथे पहिल्या दाव्यातलं अनुक्रमणही अडलंय.