गोव्यात गाडीची काळजी पावसाच्या हिशेबाने घ्या, किलोमीटरच्या नाही

मे उजाडला की आपल्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, धांदल सुरू होते. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, उकडे तांदूळ डब्यांत जाऊन बसतात. कौलं परतून होतात, परसातली लाकडं आत येतात. पाऊस चार महिने मुक्काम ठोकणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याप्रमाणे आपण घर तयार करतो. दारातली गाडी तेवढी तशीच राहते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर्व्हिसिंगला अजून तीन हजार किलोमीटर आहेत."

माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात किलोमीटरचा हा हिशेब चुकीचा आहे. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेतसुद्धा "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. आपण त्यातलं पहिलं वाचतो आणि दुसरं सोडून देतो. आपली धाव किती असते? घर, बाजार, देऊळ, मुलांची शाळा, फार तर पणजी किंवा मडगाव. अनेकांच्या गाड्यांचं वर्षाचं रनिंग पाच-सहा हजाराच्या पुढे जात नाही. पण त्याच गाड्या वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलतात, बाराही महिने खारी दमट हवा खातात आणि एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात तापत राहतात. मीटर पुढे सरकला नाही म्हणून गाडीचं वय थांबत नाही. टायरचं तर मुळीच नाही.

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा बोटीवर नोकरीला आहे. वर्षातले बरेच महिने त्याची गाडी पोर्चमध्ये उभी असते. मागे तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यासोबत फोंड्यातल्या एका टायरवाल्याकडे गेले होते. टायरची नक्षी नव्यासारखी खोल, त्यामुळे त्याला वाटत होतं की फक्त हवा भरून निघायचं. टायरवाल्याने ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली आणि लंबगोल चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं: ३८१७. म्हणजे २०१७ सालातल्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मग त्याने अंगठ्याने बाजूचं रबर दाबलं. दाबल्याबरोबर केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या, एकीशेजारी एक, रिमपर्यंत. "बाब, हें पळय, रबर सुकलां," (हे बघ, रबर सुकलंय) एवढंच तो म्हणाला. त्या मुलाने त्याच दिवशी चारही टायर बदलले. दोन दिवसांनी त्याला आई-वडिलांना घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचं होतं.

हे चार आकडे प्रत्येक टायरवर असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आज घरी गेल्यावर टॉर्च घेऊन बघा. आतल्या बाजूला असले तर चाक थोडं वळवावं लागेल. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांच्या पुढे दिसायला कितीही चांगला असला तरी वापरू नये, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात. आपल्याकडचं ऊन आणि दमट हवा बघता मी सहा-सात वर्षांच्या पुढे जाणार नाही. नवा टायर घेतानाही हे आकडे वाचूनच घ्या. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात का घ्यायचा?

आता नक्षीबद्दल. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. पण ही दंड टाळण्याची मर्यादा झाली. जुलैत महामार्ग ६६ वर पाणी साचलेलं असताना ७०-८०च्या वेगात जाणाऱ्या गाडीला १.६ मिलिमीटर पुरत नाही. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाजूला सारण्याचं. खाच उथळ झाली की पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही, टायर पाण्यावर उचलला जातो आणि मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. त्यासाठी टायर नक्षी झिजून अगदी गोटा झालेला असावा लागत नाही. म्हणून माझ्या मते मे महिन्यात नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर त्या टायरवर पावसाळा काढू नये. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बोनस मिळाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: चवथ येईपर्यंत पावसाचा सगळ्यात वाईट भाग होऊन गेलेला असतो.

हवेबद्दलचा एक गैरसमज तर इतका पसरलाय की मला खरोखर काळजी वाटते. "पावसात हवा थोडी कमी ठेवायची, मग पकड चांगली राहते." शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. ओल्या डांबरी रस्त्यावर नेमकं उलटं होतं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि पाणी मधेच अडकतं. म्हणजे टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेग आणखी खाली येतो. शिवाय कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि आतून कमकुवत होते. पावसाळ्यातही हवा कंपनीने सांगितलेलीच हवी.

किती सांगितली आहे, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा टायर सोसू शकेल असा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. पंपावर मुलगा विचारतो "किती?" आणि आपण काचेतूनच सांगतो "तीस मार सगळीकडे." पुढे-मागे किती, गाडीत पाच माणसं आणि सामान आहे की एकटेच आहोत, काही बघत नाही. दुपारी पणजीहून तापून आलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चार पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दिसतो. तो बघून हवा काढली की सकाळी टायर कमी हवेवर. हवा बघायची ती सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना. हातात मावणारा प्रेशर गेज काही शेकड्यांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. एकदाही पंक्चर झालं नाही तरी महिन्याला एक-दोन पीएसआय आपसूक कमी होतात, तेव्हा महिन्यातून एकदा तरी बघा. नायट्रोजन भरला म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ब्रेक ऑइलबद्दल तर कुणी बोलतच नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! एरवी फरक जाणवत नाही. पण अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आलात की ब्रेक तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, धाव कितीही कमी असो. आणि उतारावर खालचा गिअर टाका. घाटात ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या ट्रकवाल्यांचं शास्त्र अजूनही खरं आहे.

वायपरचं रबर उन्हाने करपलेलं असतं, ते मेअखेरीस बदला. दिवे तपासा. एवढं पुरे.

स्कूटरवाल्यांसाठी मात्र हात जोडून सांगते. आपल्या घराघरांतल्या मुली, बायका, कॉलेजची पोरं रोज स्कूटरवर असतात. कार घसरली तर निदान चार चाकांवर उभी राहते, स्कूटर आडवीच होते. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून तो बदलला जातो आणि पुढचा वर्षानुवर्षं तसाच राहतो, कडक होऊन. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल मिसळून जो बुळबुळीत थर होतो, त्यावर असा पुढचा टायर वळणावर क्षणात सुटतो. फर्मागुडीच्या उतरणीवर दर जूनमध्ये कुणी ना कुणी पडलेलं दिसतं. हेल्मेटवरून आपण मुलांना ओरडतो, ते बरोबरच आहे. त्याच तोंडाने टायरचंही विचारा. पर्यटकांना भाड्याने बाइक देणाऱ्यांना तर हे दहा वेळा सांगायला हवं. परक्या ठिकाणी, अनोळखी रस्त्यावर, पावसात नवख्या माणसाच्या हाती गोटा टायरची गाडी देणं हा धंदा नव्हे, अपराध आहे.

पाऊस सरला की दुसरा हप्ता. दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो, पूजा करतो. मला ही रीत मनापासून आवडते. फक्त हार घालण्याआधी गाडी एकदा गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवा. मडगार्डच्या आत साचलेला तांबडा चिखल महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो आणि पत्रा तिथूनच खातो. तो पाण्याच्या फवाऱ्याने काढून घ्या. काचेखालच्या जाळीत अडकलेला आंब्या-फणसाचा पालापाचोळा काढा, नाहीतर पाणी वाट शोधत गाडीत शिरतं. खड्ड्यांनी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेलीच असते. टायर एकाच कडेला झिजतोय का ते बघा, तीच खूण. अलाइनमेंट मेमध्ये करून उपयोग नाही, ती ऑक्टोबरचीच. पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदलही तेव्हाच उरकून घ्या.

आता पैशांचं. चार टायर एकदम घेणं सगळ्यांना परवडत नाही, हे मलाही कळतं. दोनच घेणार असाल तर नवे दोन मागच्या चाकांना लावायला सांगा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. गॅरेजवाला बहुतेक वेळा पुढे लावायला निघतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येण्याची शक्यता असते. मागची सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं सराईत ड्रायव्हरलाही अवघड जातं. आणि टायर बदलायला उभे आहात तोवर डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा, तिच्यातही हवा भरून घ्या, जॅक आणि पाना जागेवर आहेत ना ते बघा. रात्री अनमोडच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते.