‘हीटर जळाला, बदलून टाका’ : डिझेल ट्रकच्या ब्लॉक हीटरविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

कॅनडाच्या आल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या प्रांतांत नव्याने ट्रक चालवू लागलेल्या भारतीय चालकांच्या गटांतून थंडीच्या तोंडावर एक संदेश फिरू लागतो, आणि आता तो मराठीतही येऊन पोहोचला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : रात्रभर ब्लॉक हीटर (उभ्या ट्रकचे इंजिन गरम ठेवणारा, विजेच्या सॉकेटवर चालणारा हीटर) लावूनही सकाळी डिझेल इंजिन सुरू झाले नाही, तर हीटर जळाला असे समजावे, इंजिनाला कान लावून आवाज आला नाही, किंवा मल्टीमीटरने प्लगच्या पिनांमध्ये सर्किट तुटलेले दाखवले, तर शंकाच नको, सॉकेट वारंवार ट्रिप होत असेल तर प्लगची गोल अर्थ (अर्थिंगची) पिन कापून टाकावी, हीटर चालू असेल तर डिझेल गोठत नाही, आणि या कटकटीपेक्षा रात्रभर इंजिन चालू ठेवणे केव्हाही चांगले. यातील एक सल्ला जिवावर बेतणारा आहे, एक अर्धवट खरा आहे आणि उरलेले सगळे माणसाला विनाकारण खर्चात पाडणारे आहेत.

पहिला मुद्दा, म्हणजे इंजिन सुरू झाले नाही की हीटर जळाला हा, सर्वांत जास्त लोकांना पटतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, कूलंटमध्ये (इंजिनात फिरणाऱ्या, ते थंड ठेवणाऱ्या द्रवात) बुडालेले एक तापणारे एलिमेंट असते. घरातल्या बादलीत सोडायच्या हीटरचाच तो भाऊ. पिकअप ट्रकांच्या डिझेल इंजिनांना साधारण ७५० ते १,००० वॉटचा आणि मोठ्या मालवाहू ट्रकांना १,५०० वॉटपर्यंतचा हीटर असतो. आता साधा हिशेब करून पाहावा. सुमारे ५०० किलो वजनाचे इंजिन आणि त्यातले कूलंट मिळून एक अंश तापवायला अंदाजे २८० किलोज्यूल उष्णता लागते. १,००० वॉटचा हीटर तासाला ३,६०० किलोज्यूल देतो. म्हणजे उष्णता अजिबात वाया गेली नाही असे मानले, तरी इंजिन तासाला फार तर १३ अंशांनी तापेल. पंधरा लिटरच्या, सुमारे १,३०० किलो वजनाच्या इंजिनाला १,५०० वॉटचा हीटर लावला, तर हाच वेग तासाला सात अंशांच्या आसपास येतो. शिवाय इंजिन जसजसे तापते तसतशी त्यातून बाहेर जाणारी उष्णताही वाढते आणि काही तासांनी आवक व जावक सारखी होऊन तापमान एका जागी स्थिर होते. लहान मोटारीला दोन तास पुरतात, पिकअपच्या डिझेलला तीन-चार तास, तर मोठ्या ट्रकला कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त, यामागचे कारण एवढेच आहे.

या हिशेबात वाऱ्याला जागा द्यावी लागते, आणि तेथे हा संदेश पुढे पाठवणारे काही जण ‘तापमान उणे २५ असले तरी वाऱ्यामुळे इंजिनाला उणे ४० लागत होते’ अशी पुरवणी जोडतात. बंद पडलेले लोखंड हवेच्या तापमानाखाली जात नाही. वाऱ्यामुळे जाणवणारी ती उणे ४० ची थंडी माणसाच्या उघड्या कातडीसाठी मोजलेली असते. मात्र हीटर लावलेले इंजिन हवेपेक्षा गरम असते, आणि वारा त्याची उष्णता भराभर ओढून नेतो, त्यामुळे ते ज्या तापमानावर स्थिर होणार ते निश्चितच खाली येते. म्हणजे आकडा चुकीचा असला तरी तक्रार अगदीच खोटी नाही. रेडिएटरच्या जाळीवर बांधायचे कापडी आवरण आणि ट्रकचे तोंड वाऱ्याकडे न ठेवण्याची सवय यांचा येथे खरा उपयोग होतो.

इतके सगळे होऊन हीटर नीट चालला, तरी इंजिन सुरू होईलच असे नाही, कारण हीटर बॅटरीला हात लावत नाही. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जोर उन्हाळ्यातल्या जोराच्या निम्म्यावर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन ऑइल सेल्फकडून जास्त ताकद मागते. हीटरची उष्णता तळाच्या संपमधल्या, म्हणजे ऑइलच्या भांड्यातल्या, ऑइलपर्यंत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोहोचते. १५डब्ल्यू-४० या ग्रेडच्या ऑइलची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना घेतली जाते, तर ५डब्ल्यू-४० ची उणे ३० ला. तेव्हा सस्कॅचवानमधल्या सस्कॅटूनच्या जानेवारीत पहिले ऑइल भरून दुसऱ्याची अपेक्षा करणे योग्य नाही. काही इंजिनांत सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लग असतात, तर काहींत आत येणारी हवा तापवणारी जाळी असते. ही साधनेही आपापल्या कारणांनी निकामी होऊ शकतात.

म्हणून दोष हीटरवर ढकलण्याआधी सेल्फ मारताना काय घडते ते पाहावे. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरी, तिची टर्मिनले, ऑइल आणि हीटर हे चौघेही संशयित आहेत. इंजिन झपाझप फिरते, पण धुराड्यातून काहीच बाहेर येत नाही, असे असेल तर इंधनच आत पोहोचत नाही. इंजिन झपाझप फिरते आणि पांढरा धूर येतो, तेव्हा इंधन पोहोचते पण पेटत नाही, म्हणजे ग्लो प्लग, हवा तापवणारी जाळी किंवा थंड राहिलेला ब्लॉक यांकडे पाहावे. यातही हीटरचा निकाल लावणे अवघड नाही : सेल्फ मारण्यापूर्वी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) कूलंटचे तापमान वाचावे. बाहेर उणे २८ असताना कूलंट शून्याच्या वर असेल, तर हीटरने आपले काम केलेले आहे आणि त्याला बदलून काहीही साध्य होणार नाही.

कानाने परीक्षा घेण्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा हीटरचे पेटंट मिळाले, तेव्हा त्यांनी सिलिंडर हेडच्या एका बोल्टच्या जागी तापणारे एलिमेंट बसवले होते. आजचा हीटर कूलंटमध्ये बुडालेला असला तरी तत्त्व तेच आहे. त्यात फिरणारा भाग नाही. जे खदखदणे ऐकू येते ते एलिमेंटलगत उकळणाऱ्या कूलंटचे असते, आणि ते कधी येते, कधी येत नाही. उलट आवाज फारच मोठा असेल, तर कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा अडकली आहे अशी शंका घ्यावी, कारण कोरडे पडलेले एलिमेंट पाहता पाहता जळते. ‘थंडी जास्त म्हणून’ पाणी न मिसळता निव्वळ अँटीफ्रीझ भरणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर पाण्याबरोबरचे निम्मेनिम मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकते.

मल्टीमीटरचा मुद्दा मात्र वरवर शास्त्रीय दिसतो, म्हणून तो जास्त फसवा आहे. प्लग भिंतीतून काढून त्याच्या दोन चपट्या पिनांमधला रोध मोजणे ही योग्यच चाचणी आहे. उत्तर अमेरिकेतील १२० व्होल्टवर ७५० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे १९ ओहम, १,००० वॉटच्याचा १४ ओहमच्या किंचित वर आणि १,५०० वॉटच्याचा साडेनऊ ओहमच्या आसपास यायला हवा. चूक पुढे होते. मीटरने सर्किट तुटलेले दाखवले, तर तुटलेला भाग एलिमेंटच असेल असे गृहीत धरले जाते. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल ट्रकांच्या हीटर कॉर्डमध्ये, प्लगच्या टोकाशीच, एक थर्मोस्टॅट बसवलेला असतो आणि तो उणे १८ अंशांच्या वर वीज पुढे जाऊच देत नाही. असा ट्रक उबदार गॅरेजमध्ये आणून चाचणी घेतली, तर धडधाकट हीटरही मेलेला दिसणार. त्यामुळे कॉर्ड हीटरपासून सोडवून एलिमेंटच्या दोन टोकांवर थेट मीटर लावावा. तेथे योग्य आकडा आला, तर दोष कॉर्डमध्ये आहे किंवा दोष मुळी नाहीच. रस्त्यावरचे मीठ, पुढे लोंबकळणारा प्लग आणि सततची थरथर यांच्या तोंडी एलिमेंटपेक्षा कॉर्ड जास्त असते, आणि एलिमेंट बदलायचे तर कूलंट काढावे लागते, तर कॉर्ड बहुधा नुसती खेचून बदलता येते. काही पिकअप ट्रकांत एलिमेंट कारखान्यातूनच बसवलेले असते, पण कॉर्ड फक्त थंड प्रदेशांत विकायच्या गाड्यांना मिळते. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यातून आणलेल्या जुन्या ट्रकची कॉर्ड शोधून सापडत नसेल, तर ती बहुधा कधी लावलेलीच नसते.

याच्या जोडीला सॉकेटही तपासावे लागते. प्रेअरीतील, म्हणजे कॅनडाच्या या तीन प्रांतांतील, अनेक वाहनतळांवर विजेचा भार कमी ठेवण्यासाठी खांबांवरची सॉकेटे ठरावीक वेळ चालू आणि ठरावीक वेळ बंद अशी आळीपाळीने चालवली जातात. नेमक्या बंद वेळेत टेस्टर लावणारा माणूस सॉकेट आणि हीटर दोघांनाही दोषी ठरवून मोकळा होतो. एक्स्टेंशन वायरचेही तसेच आहे. १६ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक) १०० फुटी वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८ ओहम होतो. तिच्यावर १,५०० वॉटचा हीटर लावला, तर हीटरला १२० ऐवजी १११ व्होल्ट मिळतात, त्याची ताकद १,३०० वॉटच्याही खाली येते आणि शंभराहून अधिक वॉट त्या वायरमध्येच उष्णता होऊन बसतात. बर्फावर पसरलेली वायर गार असते म्हणून हे लक्षात येत नाही, पण तिचे वेटोळे करून ठेवले तर इन्सुलेशन वितळू शकते. १२ गेजची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली आणि गरजेपुरतीच लांब वायर घेणे हा यावरचा उपाय आहे. यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा लहानसा वॉटमीटर फार कामाचा ठरतो : तो शून्य दाखवतो, अपेक्षेएवढे वॉट दाखवतो की त्याहून कमी, यावरून पुढचा शोध कोठे घ्यायचा ते कळते.

आता अर्थ पिन कापण्याचा सल्ला. सॉकेट ‘उडते’ असे म्हणताना दोन निरनिराळ्या घटना एकत्र केल्या जातात. पॅनेलमधला ब्रेकर पडत असेल, तर प्रवाह जास्त होतो आहे. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १२ अँपिअरपर्यंतच ठेवावा असा दंडक आहे, आणि १,५०० वॉटचा एकटा हीटरच साडेबारा अँपिअर ओढतो, त्यात शेजारच्या ट्रकचा हीटर त्याच सर्किटवर असेल तर ब्रेकरने पडायलाच हवे. परंतु गळती ओळखणारे, म्हणजे जीएफसीआय प्रकारचे सॉकेट पडत असेल, तर विजेचा काही अंश भलत्या वाटेने जमिनीत जातो आहे. आपल्याकडे घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) साधारणतः ३० मिलीअँपिअरला तुटतो. हे सॉकेट सुमारे ५ मिलीअँपिअरलाच तुटते. प्लगमध्ये शिरलेले खारट पाणी, सोललेली वायर किंवा एलिमेंटच्या आतील, विजेला अडवणाऱ्या भुकटीत मुरलेला ओलावा ही त्याची नेहमीची कारणे असतात. कॉर्ड हीटरपासून सोडवून नुसतीच सॉकेटला लावावी. तरीही सॉकेट पडले तर दोष कॉर्डचा, न पडले तर एलिमेंटकडे वळावे आणि चपट्या पिनांपैकी प्रत्येक पिन व गोल पिन यांच्यात मीटर कोणताही मार्ग दाखवत नाही ना हे पाहावे. गोल पिन कापल्याने गळती थांबत नाही. गळणाऱ्या विजेची परतीची वाट तेवढी बंद होते. मग रबरी टायरांवर उभ्या असलेल्या ट्रकचा सांगाडाच विजेखाली येतो, आणि सकाळी ओल्या बर्फात उभा राहून दाराला हात लावणारा माणूस ती वाट पूर्ण करतो. हा सल्ला कोणी दिला असेल, तर तो ऐकू नये आणि पुढेही पाठवू नये.

डिझेल गोठण्याचा प्रश्न हीटरच्या कक्षेतच येत नाही. हीटर ब्लॉकमधले कूलंट तापवतो. टाक्या चासीवर बाहेर उघड्या असतात. थंडीत डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक होतात आणि फिल्टर तुंबतो. गरम ब्लॉकमुळे इंजिन झटकन सुरू होते, काही मिनिटांनी दम तोडते आणि बंद पडते, हे त्याचे ठरलेले लक्षण आहे. उपाय इंधनातच करावा लागतो. लडाखमध्ये टाकीखाली शेकोटी पेटवण्याचे धाडस चालक याच कारणासाठी करत आले, आणि याच कारणासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. कॅनडातील पंपांवर ऋतूनुसार हिवाळी डिझेल येते. पण दक्षिणेकडे टाकी भरून उत्तरेला निघालेल्या ट्रकमध्ये तेथलेच डिझेल असते. गोठण रोखणारे रसायन घालायचे तर ते मेण जमण्यापूर्वी घालावे लागते.

रात्रभर इंजिन चालू ठेवण्याबाबत संदेशात थोडे तथ्य आहे. जेथे सॉकेटच नाही आणि पारा उणे ४० कडे निघाला आहे, तेथे अनेक अनुभवी चालक इंजिन बंद करत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. पण सॉकेट असलेल्या यार्डात हाच नियम लावला, तर मोठे इंजिन तासाला सुमारे तीन लिटर डिझेल जाळते, भाराविना गारच राहते, अर्धवट जळलेले इंधन धुराड्यात साठते आणि धूर गाळणारा डीपीएफ काजळीने लवकर भरतो. सॉकेट नसलेल्या मुक्कामांसाठी डिझेलवरच चालणारा, कूलंट तापवणारा स्वतंत्र लहान हीटर मिळतो आणि तो तासाला इंजिनाच्या मानाने फारच थोडे डिझेल घेतो.

या संदेशात एका गोष्टीचा उल्लेख नाही. प्लग काढायला विसरून ट्रक हलवला, की कॉर्ड ताणून तुटते किंवा आतल्या आत चिरते, आणि काही आठवड्यांनी तेच गळतीचे कारण बनते. म्हणून बरेच चालक सॉकेटमध्ये प्लग घातला की वायरचा मधला भाग दाराच्या मुठीवरून किंवा आरशाच्या दांड्यावरून नेतात. केबिनमध्ये चढताना ती हाताला लागतेच.