चित्राची खालची पट्टी कापू नका

परवा एका ग्रुपवर जुन्या युरोपीय शहराचं रंगीत चित्र आलं. नदी, पूल, मागे चर्चचे मनोरे. आणि खाली वाद पेटला: पूल तर डावीकडे हवा, मग उजवीकडे कसा? शेवटी कुणीतरी पूर्ण चित्र शोधून टाकलं. वरच्या कडेला शहराचं नाव उलट्या अक्षरांत छापलेलं होतं. अठराव्या शतकात अशी चित्रं आरसा आणि भिंग लावलेल्या पेटीतून बघत. आरशात सरळ दिसावं म्हणून ती मुद्दाम उलटी छापत. कुणीतरी ‘नीट दिसावं’ म्हणून ती कडा कापली, आणि तेवढ्यानं सगळं चित्र खोटं ठरायला निघालं होतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. जुन्या छापचित्रांत बहुतेक वेळा खाली डावीकडे चित्र काढणाऱ्याचं नाव असतं आणि उजवीकडे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याचं. म्हणजे दोन माणसं. कोरणाऱ्यानं ते शहर पाहिलेलंही नसेल! कधी प्रकाशक आणि वर्षही तिथेच मिळतं. ही पट्टी म्हणजे साक्षीदाराची सही आहे. ती कापून ‘बघा, तेव्हा शहर असं होतं’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

कारण शहर ‘असं’ होतंच, याची खात्री नसते. १४९३ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला छापलेल्या प्रसिद्ध इतिवृत्तात एकच लाकडी ठसा वेगवेगळ्या शहरांच्या नावाखाली वापरलाय. त्याच ग्रंथातलं खुद्द न्यूरेंबर्गचं चित्र मात्र खरोखर बघून काढलेलं आहे. वेन्सेस्लाउस होलार या चित्रकारानं लंडनचं लांबलचक दृश्य १६४७ मध्ये आताच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला बसून कोरलं, आधी लंडनमध्ये केलेल्या रेखाटनांवरून. त्यात ग्लोब नाट्यगृह आणि अस्वलांच्या झुंजींचं मैदान यांची नावं अदलाबदल झाली आहेत. लंडनची नाट्यगृहं तर १६४२ मध्येच बंद झाली होती. तरीही ते चित्र अमूल्य आहे, कारण १६६६ च्या आगीत जळण्याआधीचं लंडन त्यात छपरांसकट उभं आहे. (मोठं करून बघाच. नदीवरच्या होड्यांतली माणसंसुद्धा दिसतात.)

वॉर्साचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकारानं १७७० च्या दशकात पोलंडच्या राजासाठी तिथल्या रस्त्यांची आणि वाड्यांची चित्रं रंगवली. १९४४ मध्ये नाझींनी ते शहर जमीनदोस्त केलं. युद्धानंतर ते पुन्हा उभारताना वास्तुरचनाकारांनी मोजमापांच्या जुन्या नकाशांसोबत बेलोत्तोची चित्रंही समोर ठेवली. पण राजाच्या नजरेला बरं दिसावं म्हणून बेलोत्तोनं काही इमारती होत्या त्यापेक्षा देखण्या केल्या होत्या, आणि तो देखणेपणा काही ठिकाणी नव्या दगडविटांत उतरला. आज तिथे उभं राहणाऱ्याला चित्रकार कोण आणि चित्र कुणासाठी, हे माहीत असेल तर समोरची भिंत वेगळी दिसते.

म्हणून विनंती. जुन्या शहराचं चित्र टाकाल तेव्हा ते कडांसकट टाका, फिकट अक्षरं आणि डागांसकट. आणि कापलेलं चित्र मिळालं, तर पूर्ण प्रत शोधायला पाच मिनिटं द्या. माझ्याकडे असलेल्या पूर्ण प्रती मी खाली कॉमेंटमध्ये टाकतोय.